ब्रेडशिवाय सँडविच, डब्यात नेता येईल असे

पत्र

स. न. वि. वि.
आम्ही डोंबिवलीला राहतो. ह्यांना (वय ५२) तीन वर्षांपासून मधुमेह आहे. मागच्या महिन्यात एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) ७.६ आले, तेव्हा डॉक्टरांनी दोन गोळ्या सुरू केल्या आणि जेवणातली कर्बोदके कमी करायला सांगितले. भात-पोळी ह्यांनी काही न बोलता कमी केली, पण आठवड्यातून दोनदा तरी डब्यात सँडविच हवेच असते, आणि तेही स्टेशनबाहेरच्या गाडीवर मिळते तसे, हिरव्या चटणीचे. ब्राउन ब्रेड आणून पाहिला, तरी साखर तेवढीच वाढते. मुगाच्या धिरड्यात सारण भरून दिले, तर ते दुपारपर्यंत ओले होऊन फाटते. इंटरनेटवरच्या बहुतेक पाककृतींत अंडे असते आणि ते आमच्याकडे चालत नाही. बदामाचे पीठ नेहमी आणणे परवडणारे नाही. ब्रेडशिवाय सँडविच घरी जमेल का? आणि मुलांसाठी पुन्हा वेगळे काही करावे लागेल का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर

स. न. वि. वि.
सँडविच नक्की जमेल आणि त्यासाठी बदामाचे पीठ आणावे लागणार नाही. परंतु कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आधी सांगणे मला आवश्यक वाटते. यजमानांना दोन गोळ्या सुरू आहेत असे तुम्ही लिहिले आहे, पण त्यांची नावे दिलेली नाहीत. त्यांपैकी एक गोळी ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड ह्या प्रकारातली असेल, तर ती शरीराला इन्सुलिन स्रवायला लावते आणि जेवणात कर्बोदके किती आहेत हे न पाहता आपले काम करत राहते. अशा वेळी जेवणातली कर्बोदके एकदम घटवली, तर दुपारी साखर फार खाली जाऊन घाम सुटणे, हात थरथरणे, भोवळ येणे असे त्रास होऊ शकतात. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन ह्या मधुमेहाच्याच दुसऱ्या प्रकारच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर कर्बोदके अगदीच तोडू नयेत, कारण त्यांच्या रक्तात, साखर फारशी वाढलेली नसतानाही, कीटोन आम्ले साचण्याचा धोका असतो. म्हणून डब्यात हा बदल करण्याआधी गोळ्यांची पाकिटे घेऊन डॉक्टरांकडे जा आणि दुपारच्या जेवणात आता नेमके काय असणार आहे ते त्यांना सांगा. मूत्रपिंडाच्या तपासणीत काही दोष निघाला असेल, तर प्रथिनांचे प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या, कारण पुढे सांगितलेल्या सँडविचमध्ये प्रथिने बरीच आहेत.

आता गाडीवरच्या सँडविचमध्ये कर्बोदके कुठे दडलेली असतात ते पाहू. पांढऱ्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये साधारण १२ ते १५ ग्रॅम कर्बोदके असतात आणि ग्रिल सँडविचला बहुधा तीन स्लाइस लागतात, म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास बेरीज तिथेच होते. उकडलेल्या बटाट्याचे काप ५०-६० ग्रॅम धरले तर आणखी दहाएक ग्रॅम, आणि वरून घेतलेल्या चमचाभर टोमॅटो सॉसमध्ये चार-पाच ग्रॅम, त्यातही बहुतेक साखरच. बीट, कांदा, काकडी, टोमॅटो ह्यांचे मिळून पाच-सहा ग्रॅम होतात. सगळी बेरीज ६० ग्रॅमच्या घरात जाते आणि तिचा फार मोठा वाटा ब्रेड आणि बटाटा ह्या दोघांचा आहे. बिचाऱ्या बिटावर लोक उगाच राग धरतात. दोन पातळ चकत्यांनी काही बिघडत नाही.

ब्राउन ब्रेडने साखर तेवढीच वाढली, ह्यात नवल काहीच नाही. बाजारातल्या पुष्कळशा ब्राउन ब्रेडमध्ये पहिला घटक मैदाच असतो आणि रंग कॅरॅमलचा असतो. पाकिटावरच्या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिले नाव वाचले तरी पुरते. अगदी पूर्ण गव्हाचा ब्रेड मिळाला, तरी त्यात तंतू (फायबर) थोडे जास्त मिळतात एवढेच. कर्बोदके जवळपास तितकीच राहतात.

धिरडे का फाटले, हे मात्र नीट समजून घेण्याजोगे आहे, कारण सगळी कृती त्यावरच उभी आहे. ब्रेड सँडविचमध्ये नुसता वरून-खालून झाकण म्हणून नसतो. तो सारण धरून ठेवतो, चटणीचे आणि भाज्यांचे पाणी शोषून घेतो आणि भाजला की कुरकुरीत होतो. आपण ब्रेड काढून टाकतो तेव्हा हे पाणी मुरायला जागाच उरत नाही आणि ते डब्याच्या तळाशी जाऊन साचते किंवा धिरड्यात शिरते. म्हणून ब्रेडसारखी दिसणारी वस्तू बनवण्याच्या मागे लागू नका. सारण धरेल असे काहीतरी घट्ट घ्या आणि पाणी सँडविचमध्ये शिरण्याआधीच काढून टाका. चव ब्रेडमध्ये नव्हतीच. यजमानांना जे आठवते ते हिरवी चटणी, लोणी आणि सँडविच मसाला हे असणार, आणि ह्या तिन्हींना धक्का लावण्याची गरज नाही.

माझी पहिली पसंती पनीरच्या जाड कापांना आहे. दूध फाटल्यावर त्यातली साखर, म्हणजे लॅक्टोज, बहुतांशी पाण्याबरोबर निघून जाते. म्हणूनच १०० ग्रॅम पनीरमध्ये कर्बोदके तीन-चार ग्रॅमच उरतात आणि प्रथिने मात्र १८ ग्रॅमच्या आसपास मिळतात. शिवाय आम्ल घालून फाडलेल्या दुधाचे पनीर उष्णतेने वितळत नाही. चीज तव्यावर पसरते, पनीरचा काप आकार न सोडता वरून खरपूस होतो. स्लाइसच्या जागी बसणारा शाकाहारी पदार्थ म्हणून ह्याहून सोयीचे काही मला माहीत नाही.

पनीर घरी केलेत तर उत्तम, आणि त्यासाठी म्हशीचे किंवा फुल क्रीम दूध घ्या, कारण गायीच्या दुधाचे पनीर मऊ होते आणि काप धरत नाही. एक लिटर दुधाचे साधारण पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम पनीर निघते. दूध उकळून गॅस बंद करा, दोन मिनिटे थांबा आणि मग दोन चमचे लिंबाचा रस तितक्याच पाण्यात मिसळून हळूहळू घाला. हिरवट पाणी वेगळे दिसू लागले की रस घालणे थांबवा, कारण जास्त आंबटपणाने पनीर रवाळ होते. चोथा मलमलच्या कापडात घेऊन गार पाण्याने धुवा, चौकोनी आकार द्या आणि वर वरवंटा किंवा पाण्याने भरलेले पातेले ठेवून दोन तास दाबा. त्यानंतर ही वडी कापडासकट निदान तीन-चार तास, शक्यतो रात्रभर, फ्रिजमध्ये राहू द्या. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि मग पनीरचा भुगा होतो अशी तक्रार करतात.

विकतचे पनीर घ्यायचे असेल तर सुटे न घेता पाकिटातले घ्या आणि घटक वाचा. सुट्या पनीरमध्ये कधी कधी पिठूळ स्टार्च मिसळलेला असतो आणि आपल्या दृष्टीने ती भेसळ दुहेरी त्रासाची आहे, कारण जी कर्बोदके टाळायची तीच मागच्या दाराने परत येतात. शंका आली तर चमचाभर चुरा थोड्या पाण्यात उकळा, पूर्ण गार होऊ द्या आणि त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन-तीन थेंब टाका. रंग निळा झाला तर स्टार्च आहे असे समजावे. तपासलेला चुरा अर्थातच टाकून द्यायचा.

कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्या आणि काप साधारण एक सेंटिमीटर जाडीचे करा. त्याहून पातळ काप उलटताना मोडतात आणि फार जाड केले तर खाताना नुसते दूध-दूध लागते. एका सँडविचला ५० ग्रॅमचे दोन काप पुरतात. भाजीसाठी आपण पनीर गरम पाण्यात टाकून मऊ करतो, इथे ते मुळीच करू नका. उलट काप फडक्याने कोरडे टिपा, त्यांना चिमूटभर हळद, मिरपूड आणि मीठ चोळा. बिडाचा तवा मध्यम आचेवर चांगला तापवून त्यावर चमचाभर तेल पसरा आणि काप ठेवल्यावर त्यांना हलवू नका. सुरुवातीला काप तव्याला चिकटलेला वाटतो. दोन-तीन मिनिटांत खालची बाजू तांबूस झाली की तो आपण होऊन सुटतो, आणि तोपर्यंत उलथने घातले तर वरचा खरपूस पापुद्रा तव्यावरच राहतो. दोन्ही बाजू भाजून झाल्यावर काप ताटात न ठेवता जाळीवर ठेवा. ताटात ठेवले की खालून वाफ धरते आणि एवढ्या मेहनतीने आणलेला कुरकुरीतपणा पाच मिनिटांत जातो.

चटणीकडे विशेष लक्ष द्या. गाडीवर आणि घरोघरी सँडविचची चटणी दाट होण्यासाठी तिच्यात डाळे, शेव किंवा चक्क ब्रेडचा तुकडा वाटतात. त्याऐवजी दोन मोठे चमचे भाजलेले शेंगदाणे किंवा सुके खोबरे घाला. एक जुडी कोथिंबीर, तिच्या निम्मा पुदिना, तीन-चार हिरव्या मिरच्या, बोटभर आले, जिरे, पादेलोण आणि लिंबाचा रस एवढ्यावर चटणी वाटा, पाणी अगदी गरजेपुरते एक-दोन चमचे घाला आणि साखर घालू नका. वाटून झाल्यावर ती बारीक गाळणीत पंधरा मिनिटे ठेवली तर जादा पाणी खाली निथळते. हे पाणी टाकू नका, ताकात फार छान लागते. सँडविच मसाला घरीच करून ठेवलात तर त्यावर तुमचा ताबा राहील. भाजलेले जिरे, बडीशेप, काळी मिरी, दोन-तीन लवंगा, दालचिनीचा तुकडा, आमचूर आणि पादेलोण एकत्र दळले की तोच वास येतो. यजमानांचा रक्तदाब वाढलेला असेल तर पादेलोण निम्मे करा, कारण तेही शेवटी मीठच आहे.

बटाट्याच्या जागी फ्लॉवर घ्या. तुरे वाफवून, फडक्यात घट्ट पिळून, हाताने कुस्करा आणि मोहरी, हिंग, हळद, कढीपत्त्याच्या फोडणीत मोकळे होईपर्यंत परता. मसाला टोस्टमधल्या बटाट्याच्या भाजीची जागा हे सारण बऱ्यापैकी भरून काढते. पिळण्यात आळस केला तर मात्र सगळे ओशट आणि पाणचट होईल. काकडीच्या बिया काढून चकत्यांना मीठ लावा आणि दहा मिनिटांनी टिपून घ्या. टोमॅटोचा गर काढून फक्त बाहेरची भिंत वापरा. सिमला मिरची आणि कांद्याच्या चार पातळ चकत्या तशाच चालतात.

मांडणी करताना कापाच्या आतल्या बाजूला आधी लोण्याचा अगदी पातळ हात फिरवा आणि त्यावर चटणी लावा. लोण्याच्या थरामुळे चटणीचे पाणी खाली उतरत नाही, गाडीवरचे विक्रेतेही ब्रेडला आधी लोणी लावतात त्याचे एक कारण हेच आहे. मग सिमला मिरची, कांदा, मसाला, फ्लॉवरचे सारण आणि हवी असल्यास चीजची एक चकती. हे चीज वितळून सगळे थर एकमेकांना धरून ठेवते. वर दुसरा काप ठेवून तव्यावर मंद आचेवर एक-दोन मिनिटे झाकून ठेवा. इलेक्ट्रिक टोस्टर वापरायचा असेल तर वर-खाली बटर पेपर ठेवा आणि झाकण दाबून लावू नका, नाहीतर काप चिरडून सारण बाजूने बाहेर येते. शेवेऐवजी वरून भाजलेल्या दाण्यांचा जाडसर भरडा घाला. अशा सँडविचमध्ये सगळी मिळून साधारण १२ ते १५ ग्रॅम कर्बोदके होतात.

एक इशारा मात्र देऊन ठेवते. कर्बोदके कमी म्हणजे उष्मांक कमी असे नव्हे. १०० ग्रॅम पनीरमध्ये स्निग्धांश २० ग्रॅमच्या वर असतो, त्यात लोणी आणि चीज आले की जेवण चांगलेच जड होते. कोलेस्टेरॉलही वाढलेले असेल तर चीज वगळा आणि एखाद्या आठवड्यात पनीरच्या जागी घट्ट टोफू, म्हणजे सोयाबीनच्या दुधाचे पनीर, वापरा. टोफू वजनाखाली अर्धा तास दाबून, चटणीत मुरवून मग भाजावा लागतो, नाहीतर तो बेचव लागतो. पनीरची गोडी त्याला नाही, हे मान्य केलेलेच बरे.

आता डब्याचा प्रश्न. पनीर दमट हवेत लवकर खराब होते, आणि सकाळी सातला भरलेला डबा लोकलच्या गर्दीतून जाऊन दुपारी एकला उघडायचा म्हणजे सहा तास झाले. कार्यालयात फ्रिज असेल तर पनीरचे सँडविच खुशाल द्या, पण प्रवासापुरती बर्फाची थैली असलेली पिशवी वापरा, काप पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका आणि चटणी व काकडी-टोमॅटो वेगळ्या डब्यांत द्या, म्हणजे यजमान ऐन वेळी जोडून घेतील. फ्रिजची सोय नसेल तर, विशेषतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये, पनीर डब्यात देऊच नका. ते रात्रीच्या किंवा रविवारच्या खाण्यासाठी ठेवा.

अशा दिवसांसाठी जवसाची पोळी करा. जवसाची चटणी, विदर्भात तर विशेषच, आपल्या ओळखीची आहे, पण त्याच जवसाची पोळी होते हे फार थोड्या घरांत माहीत आहे. १०० ग्रॅम जवसात २९ ग्रॅम कर्बोदके दिसतात, मात्र त्यांतले २७ ग्रॅम तंतूच असतात, जे साखर वाढवत नाहीत. जवस न भाजता मिक्सरमध्ये थांबून-थांबून दळा, कारण सलग फिरवले तर तेल सुटून गोळा होतो. एक कप पाणी मीठ घालून उकळायला ठेवा, उकळी फुटली की त्यात सव्वा कप जवसाची पूड घालून तांदळाच्या उकडीसारखी भराभर घोटा. गरम पाण्याने जवसाच्या सालीतला चिकटपणा फुलून येतो आणि गव्हाच्या चिकाशिवाय गोळा जमतो. कोमट झाल्यावर मळून पाच गोळे करा, दोन बटर पेपरांच्या मध्ये लाटा आणि मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी भाजा. फार कडक भाजली तर घडी घालताना तडकते. एक पोळी मधोमध दुमडून तिच्यात सारण भरा. सारणासाठी भिजवून घट्ट पिळलेला सोया वडीचा चुरा, सिमला मिरची आणि कोबी हे सगळे पाणी आटेपर्यंत परतून वर तीच हिरवी चटणी अगदी पातळ लावा, किंवा त्या दिवशी कोरडी लसणाची चटणी भुरभुरा. सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच द्या आणि त्या दिवशी पाणी भरपूर प्यायला सांगा, कारण एवढ्या तंतूंची सवय नसेल तर पोट धरते. गोळ्या आणि ही पोळी ह्यांच्यात अंतर ठेवायचे का आणि किती, हे डॉक्टरांना विचारून घ्या. जवसाची पूड लवकर खवट होते, तेव्हा आठवड्यापुरतीच दळून फ्रिजमध्ये ठेवा.

मुगाचे धिरडे अगदीच सोडून द्या असे मी म्हणणार नाही, पण ते फार कमी कर्बोदकांचे आहे ह्या समजुतीत राहू नका. ४० ग्रॅम मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम कर्बोदके असतात. ब्रेडपेक्षा ती हळू पचतात आणि सोबत नऊ-दहा ग्रॅम प्रथिने मिळतात, त्यामुळे मधला पर्याय म्हणून ते चांगलेच आहे. डाळ कमी पाण्यात जाडसर वाटा, त्यात तिच्या निम्म्याने किसलेले पनीर आणि चमचाभर इसबगोल मिसळा, दहा मिनिटे थांबून जाड धिरडे घाला. आधी झाकून आणि मग झाकण काढून ते कोरडे होईपर्यंत भाजा, जाळीवर गार करा आणि त्यानंतरच सारण भरा. तुमचे धिरडे फाटत होते ते बहुधा गरम असताना सारण भरून डबा बंद केल्यामुळे. पनीर घातल्यामुळे हे धिरडेही फ्रिजची सोय असेल त्याच दिवशी द्या. कोबीच्या पानात गुंडाळून खाण्याची पद्धतही आहे, मात्र त्याने ऑफिसात काम करणाऱ्या माणसाचे पोट भरत नाही.

घरी ग्लुकोमीटर असेल तर एका रविवारी पनीरचे सँडविच आणि दुसऱ्या रविवारी मूगधिरड्याचे द्या आणि खाण्यापूर्वी व खाल्ल्यानंतर दोन तासांनी साखर मोजून वहीत लिहा. एकच पदार्थ दोन माणसांची साखर सारखी वाढवत नाही, त्यामुळे माझ्या हिशेबापेक्षा त्या वहीतले आकडे डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतील, आणि गोळ्या कमी-जास्त करायच्या की नाहीत हे ते त्यावरून ठरवतील.

मुलांसाठी वेगळा स्वयंपाक करण्याची गरज नाही. तीच चटणी, तोच मसाला आणि तेच फ्लॉवरचे सारण त्यांना पूर्ण गव्हाच्या ब्रेडमध्ये किंवा पोळीत भरून द्या, वाढत्या वयात त्यांची कर्बोदके तोडण्याचे काही कारण नाही. पनीरचे जे पाणी उरते त्यात लॅक्टोज उतरलेले असते, म्हणून ते यजमानांना प्यायला देऊ नका. मुलांच्या पोळ्यांची कणीक त्यात भिजवा, पोळ्या मऊ होतात.